ताणा एकदाच भरायचा

सोलापुरात, पूर्व भागातल्या एका गल्लीत, चादरींचा लहानसा कारखाना होता. बाप माग चालवायचा. मुलगी कॉम्प्युटर शिकली होती. कुठल्या चादरीला किती सूत लागेल, याचा हिशेब करणारा प्रोग्राम तिने जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला. त्यात 'चादर' नावाचा क्लास, म्हणजे साचा, होता आणि सूत मोजायची रीत त्यातच होती.

पुढे मदतीला एक मुलगा आला. त्याने 'चादर'वरून 'छोटी चादर' काढली आणि सूत मोजायची रीत आपल्या मनाने नव्याने लिहिली. किनारीचे धागे धरायचे राहून गेले. सूत कमी पडलं, माग दोन दिवस बंद राहिला.

मुलगी धास्तावली. त्या रात्री तिने दिसेल तिथे 'फायनल' हा शब्द लावला. जावात तो क्लासाला लावला की त्यापासून दुसरा क्लास काढता येत नाही. रीतीला लावला की खालच्या क्लासाला ती बदलता येत नाही. आकड्याला लावला की तो एकदाच भरायचा.

महिन्याभरात नव्या नक्षीची ऑर्डर आली. नवा क्लास निघेना, रंग बदलेना. मुलगा हातावर हात ठेवून बसला.

ती मागाजवळ आली. बाप फणीतून ताण्याचा एकेक उभा धागा ओवत होता.

"बाबा, मध्येच धागे कमीजास्त करावेसे वाटले तर?"

"ताणा एकदा भरला की भरला. हा बीम संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पुढच्या बीमला हवे तेवढे घे."

मग त्याने धोट्यातली लाल कांडी काढून हिरवी घातली. वर नक्षी ठरवणारी, जेकार्डची भोकं पाडलेली कार्डं लटकत होती. 1804 साली फ्रान्समध्ये आलेली ही युक्ती. पुढे अशाच कार्डांनी कॉम्प्युटरलाही काम सांगितलं.

"आणि हे?"

"हे बदलायचंच. नाहीतर नवी चादर कशी निघेल?"

ज्याच्या भरवशावर बाकी सगळं विणलं जातं, तेवढंच बांधून ठेवायचं असतं. जावातला 'स्ट्रिंग' हा मजकूर धरून ठेवणारा क्लासही असाच 'फायनल' लावून बंद आहे. सगळी भाषा त्याच्यावर विसंबते.

तिने क्लास मोकळा केला, रंग मोकळा केला. ताण्याचा आकडा आणि सूत मोजायची रीत तेवढी 'फायनल' ठेवली. किनारीचे धागे किती, ते मात्र प्रत्येक नव्या चादरीने सांगायचं.

सकाळी मुलाने नवा क्लास काढला आणि तो किनारीच्या आकड्यापाशी अडला. बापाने त्याला मागाजवळ बोलावलं. दोघांनी मिळून किनारीचे धागे मोजले.