मेलेल्यांच्या पापाची क्षमा

मेलेल्यांच्या पापाची क्षमा जिवंत माणसाला मागता येते का? सेनेगलमध्ये डकारसमोरच्या गोरे बेटावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली गुलामांच्या व्यापाराबद्दल देवाकडे ती मागितली. गुलाम करणारे गेले, भोगणारेही गेले. मग ही याचना कोणाच्या वतीने? व्यक्तीपुरता हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. पण चर्च ही व्यक्ती नव्हे. सेंट पीटरपासून अखंड चालत आलेल्या परंपरेच्या जोरावरच ते आपला अधिकार सांगते, आणि त्याच परंपरेतल्या पोप निकोलस पाचवे यांनी १४५२ साली पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती लोकांना कायमचे गुलाम करण्याची लेखी मुभा दिली. वाडवडिलांची इस्टेट घ्यायची आणि कर्ज तेवढे नाकारायचे, हे कसे चालेल?

इतिहासकार म्हणतात, गोरेहून गेलेले गुलाम एकूण व्यापाराच्या मानाने थोडे. तिथल्या ‘गुलामांच्या घरा’च्या समुद्राकडे उघडणाऱ्या अरुंद दारातून लाखो माणसे गेल्याची कथा टिकत नाही. शिवाय बेटावरच्या सधन, मिश्रवंशीय सिन्यार स्त्रियाही गुलाम बाळगत. हे खरेच आहे, आणि पर्यटकांना ते सांगायलाही हवे. रडवण्यासाठी आकडे फुगवणे हा मृतांचाच अपमान. मात्र वाटेकरी निघाले म्हणून आपला वाटा माफ होत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. २०२३ साली व्हॅटिकनने अशा फर्मानांवर उभा राहिलेला, बिगरख्रिस्ती लोकांच्या भूमीवर हक्क सांगणारा सिद्धान्त नाकारला, पण ती फर्माने कॅथलिक श्रद्धेचा भाग कधी मानलीच गेली नव्हती, असे सांगत.