बॉनेट लावण्याआधी

॥ जय सद्गुरू ॥



या पंधरवड्यात बेळगावच्या एका साधक-बंधूंचा प्रश्न आला. त्यांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. ते विचारतात, "आमच्या धंद्यात असं होतं. टॅपेट कव्हर उघडून काम चाललेलं असतं, आणि पोराच्या हातातून आठ नंबरची गोटी सटकून टायमिंग चेनच्या बाजूनं आत जाते. कोणी बघितलेलं नसतं. गाडी संध्याकाळी द्यायची असते. गोटी खाली चेंबरमध्ये जाऊन पडली, तर वर्षानुवर्षं काही होत नाही. मग गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, तर ते असत्य झालं का? खोटं तर आपण काहीच बोललो नाही."

प्रश्न गॅरेजचा असला तरी आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून इथं घेतला.

ज्यांना यंत्रातलं कळत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. गोटी म्हणजे बोल्ट सोडवायचा नळीसारखा पाना. टायमिंग चेन इंजिनाच्या एका टोकाला असते. खालचा क्रँक आणि वरचा कॅमशाफ्ट यांना ती एका तालात फिरवते. त्या चेनच्या बाजूची पोकळी बऱ्याच इंजिनांत थेट खाली तेलाच्या चेंबरपर्यंत जाते. गोटी तळाला पोचली, तर बहुतेक वेळा तिथंच पडून राहते. ऑइल पंपाच्या नळीला जाळी असते, त्यामुळे ती वर ओढली जात नाही. पण वाटेत कुठं अडकून राहिली आणि चालत्या चेनच्या दात्यांत आली, तर चेन दाता सोडते, ताल चुकतो. मग बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. गाडी घाटात असली तर तिथंच बंद पडते.

गोटी तळाला आहे की वाटेत, हे वरून दिसत नाही. तेव्हा "काही होणार नाही" हे त्या घटकेला आपलं ज्ञान नसतं. ती आपली सोय असते. उशीर झालेला असतो, आणि तो उशीरच आपल्या तोंडून बोलत असतो.

आता मूळ प्रश्न. खोटं बोललो नाही, मग असत्य कसं?

आमचं म्हणणं असं. गाडी देताना आपण म्हणतो, "झालं काम, घेऊन जा." ऐकणाऱ्यासाठी त्याचा अर्थ "गाडी नीट आहे" असाच होतो. तो मुलाबाळांना मागे बसवतो आणि निघतो. त्याचा विश्वास आपण पैसे घेऊन स्वीकारलेला असतो. आत गोटी आहे हे माहीत असून ते वाक्य उच्चारलं, तर ते वाक्यच खोटं होतं. गप्प बसणं ही पुढची गोष्ट.

दुसरं म्हणजे, धोका कोणाचा? गाडीत बसणाऱ्याचा. मग तो पत्करायचा की नाही, हे ठरवणंही त्याच्याकडे हवं. कदाचित सगळं ऐकून तो म्हणेल, "राहू दे, पुढच्या ऑइल बदलाला बघू." तो त्याचा अधिकार. आपण गप्प बसतो तेव्हा त्याच्या वतीनं, त्याला न विचारता, त्याच्या जिवावर आपण निर्णय घेतो. पुढं काही झालं नाही म्हणून तो निर्णय योग्य ठरत नाही.

एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. 6 डिसेंबर 2023 ला लॉस एंजेलिसमध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीच्या ए-380 विमानाच्या इंजिनाची तपासणी झाली. इंजिनाचा आतला भाग हातानं फिरवण्यासाठी वापरलेलं, सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं हत्यार आतच राहिलं. 1 जानेवारी 2024 ला ते सापडेपर्यंत विमानाची 34 उड्डाणं झाली होती, सुमारे 294 तास. अपघात झाला नाही. तरीही तिथल्या वाहतूक सुरक्षा विभागानं चौकशी केली आणि अहवालात नोंदवलं की, हरवलेलं हत्यार शोधण्याची ठरलेली पद्धत विमान सोडण्याआधी सुरूच केली नव्हती. म्हणजे "काही झालं नाही" यावर प्रश्न मिटला नाही. हत्याराचा हिशेब लागलेला नसताना विमान सोडलं, हाच दोष धरला.

पण साधकहो, इथं थांबलो तर आपण फक्त त्या पोराला उपदेश करून मोकळे होऊ. सगळा भार त्याच्यावर टाकणं बरोबर नाही.

गोटी पडली त्या क्षणी पोर कशाला घाबरतं? इंजिनाला नाही. मालक काय म्हणेल, पगार कापेल का, चारचौघांत शिवी देईल का, याला घाबरतं. चेंबर उघडायचं म्हणजे तीन-साडेतीन लिटर तेल काढा, नवीन पॅकिंग लावा, अर्धा दिवस घालवा. हा सगळा खर्च खरं बोलणाऱ्याच्याच अंगावर येणार असेल, तर पुढच्या वेळी गोटी पडल्याचं कोणीच सांगणार नाही. आपण सत्य महाग करून ठेवतो आणि मग म्हणतो, हल्ली कोणी खरं बोलत नाही.

म्हणून आमच्या मते त्या गॅरेजात पहिला प्रश्न "कोणी पाडली?" हा नसावा. पहिला प्रश्न, "कुठं आहे?" कारण तो प्रश्न आला की पुढचं काम शांतपणे होतं. सेल्फ मारायचा नाही. बॅटरीची वायर काढायची. बॅटरीचा उजेड टाकून बघायचं. लांब दांड्याचं चुंबक हळूच सोडायचं. गोटी पोलादाची असेल तर चिकटून येते. तांब्याचं वॉशर किंवा अॅल्युमिनियमचा तुकडा असेल तर चुंबक कामाचं नाही, तिथं आकडा किंवा चिमटा लागतो. दिसत नसेल तर मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो. घाईनं तार खुपसली तर वस्तू आणखी खोल जाते, हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत आहे. नाहीच आली, तर चेंबर उघडायचं, आणि त्याआधी गिऱ्हाइकाला फोन: "दादा, आमच्या हातून आत गोटी पडली आहे. काढून देतो. गाडी उद्या मिळेल. याचे पैसे लागणार नाहीत."

मालकानं हा फोन स्वतः करावा. पोराला करायला लावू नये. खर्च गॅरेजचा. पोराला शिकवायचं ते नंतर, एकट्याला बाजूला घेऊन.

गिऱ्हाईक होऊन गॅरेजात जाणाऱ्या आपल्यालाही यात वाटा आहे. असा फोन आला तर आपण काय बोलतो? "तुम्हाला काम येत नाही का?" म्हणून ओरडतो, की "बरं झालं सांगितलंत" म्हणतो? ओरडलो, तर पुढच्या माणसाच्या गाडीतली गोटी आत राहण्याला आपणही हातभार लावतो.

घरातही हेच. मुलानं परीक्षेचा निकाल लपवला, सुनेनं दागिना हरवल्याचं सांगितलं नाही, भावानं कर्ज दडवलं, की आपण त्यांच्या खोटेपणावर बोलतो. सांगितलं असतं तर आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघालं असतं, याचाही विचार व्हावा. दडवलेली गोष्ट घरात तळाला पडून राहील असं वाटतं. ती कधी चेनमध्ये येईल सांगता येत नाही.

खंडेनवमीला आपल्याकडे पाने, पेचकस, यंत्रं धुऊन-पुसून मांडतात, हळद-कुंकू लावतात. ज्या हत्याराला वर्षातून एकदा नमस्कार करतो, ते रोज संध्याकाळी मोजून जागेवर ठेवणं हीदेखील पूजाच आहे. विमानाच्या कारखान्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची जागा फळीवर आखलेली असते, रिकामी जागा लगेच दिसते. आपल्या गॅरेजात तेवढं नको, पण गोटीसेटच्या डब्यातले खड्डे तर असतातच. बॉनेट लावण्याआधी त्यावर एकदा नजर टाकावी.

या महिन्याचा नेम दोन गोष्टींचा. हातात काम असणाऱ्यांनी काम बंद करण्याआधी हत्यारं मोजावीत. आणि घरात वडील असणाऱ्यांनी, कोणी नुकसान सांगायला आलं की आधी "बरं केलंस सांगितलंस" म्हणावं, बाकीचं नंतर. नामाला बसण्यापूर्वी दिवसभरात हे जमलं का, ते आपलं आपण बघावं.

आपापल्या कामातले असे प्रश्न असतील तर जरूर कळवा. पुढच्या अंकात घेऊ.

॥ हरि ॐ तत्सत् ॥