स्नान आधी की नंतर?

बाळंतिणीला शिवलात तर अंघोळ करा, असे आपला जुना आचार सांगतो. तिला शिवण्याआधी हात धुवा, असे वैद्यकशास्त्र सांगते. वरवर पाहता दोन्ही नियम शुद्धतेचेच आहेत आणि दोन्हींतही पाणी आहे. फरक फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढाच. पण या एका फरकात नीतीचा मोठा प्रश्न दडलेला आहे. स्पर्शानंतरचे स्नान शिवणाऱ्याला वाचवते, म्हणजे धोका बाळंतिणीत आहे असे ते धरून चालते. स्पर्शाआधीचे हात धुणे बाळंतिणीला वाचवते, म्हणजे धोका आपल्यात असू शकतो हे ते कबूल करते. पावित्र्याची कल्पना खरी की खोटी, या वादापेक्षा ते पावित्र्य कोणाच्या रक्षणासाठी आहे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दोन प्रसूती विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुईणी. 1846 साली पहिल्या विभागात शंभरामागे अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनहून कमी. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने कारणे एकेक करून तपासली. मरणासन्न स्त्रीकडे जाणारा पाद्री घंटा वाजवत पहिल्या विभागातून जाई; त्या घंटेची धास्ती बायका घेत असतील, म्हणून त्याची वाट बदलून आणि घंटा बंद करून पाहिले. मृत्यू थांबले नाहीत. मार्च 1847 मध्ये त्याचा सहकारी कोलेच्का शवविच्छेदन करताना सुरीची जखम होऊन वारला, आणि त्याच्या शरीरात बाळंतिणींचा जीव घेणाऱ्या सूतिकाज्वराच्याच खुणा सापडल्या. तेव्हा उलगडा झाला: डॉक्टर शवागारातून थेट प्रसूतिगृहात येत होते. मे महिन्यात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे झाले आणि 1848 मध्ये पहिल्या विभागातले मृत्यू शंभरी दीडच्याही खाली आले. जंतूंचे शास्त्र अजून उभे राहायचे होते. तरी एवढे सिद्ध झाले, की मरण बाळंतिणीच्या देहातून उगवत नव्हते. ते उपचार करणाऱ्याच्या हातून येत होते.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे: सोयर म्हणजे आपल्या पूर्वजांनी बाळंतिणीसाठी योजलेले विलगीकरणच नव्हे काय? वेगळी खोली, विश्रांती, परक्यांना मज्जाव यांचा तिला लाभ होत असेलही. आक्षेपाच्या बाजूने याहून बळकट पुरावाही आहे. प्रसूतीला हजर राहणाऱ्या अनुभवी स्त्रियांनी नखे कापलेली असावीत, असे सुश्रुतसंहिता सांगते. हे योग्य दिशेचे निरीक्षण आहे. त्यात काळजी आईची आहे आणि बंधन मदतनिसावर आहे. मात्र याच उदाहरणाने आक्षेप उलटतो. समाजाने प्राणपणाने काय जपले? नखांचा नियम वैद्यांच्या ग्रंथात राहिला आणि दहा दिवसांचा विटाळ घराघरांत पाळला गेला. अनेक गावांत सुईणीचे काम ‘खालच्या’ मानलेल्या जातींतल्या स्त्रियांवर सोपवले गेले, कारण ते विटाळाचे काम समजले जाई. बाळंतिणीचा जीव हे ज्या व्यवस्थेचे उद्दिष्ट असते, तिने या कामाला सर्वांत मानाचे स्थान दिले असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. व्हिएन्नाच्या डॉक्टरांना काय ठाऊक होते? हेतू शुद्ध असताना घडलेल्या मृत्यूचा दोष त्यांच्यावर कसा येतो? दोष येत नाही, हे मान्य. जबाबदारी मात्र येते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. धर्मशास्त्रानेही जाणून केलेले आणि नकळत घडलेले पाप यांत भेद केला, पण नकळत घडलेल्यालाही प्रायश्चित्त सांगितलेच. ॲबर्डीनच्या डॉक्टर अलेक्झांडर गॉर्डनने 1795 साली सूतिकाज्वराच्या साथीवर ग्रंथ लिहिला, कोणत्या रुग्णाजवळ कोण होते याची नोंद दिली आणि आपल्या स्वतःच्या हातूनही ही बाधा अनेक स्त्रियांपर्यंत पोचल्याचे कबूल केले. त्याबद्दल त्याला गावाचा रोष पत्करावा लागला. याउलट फिलाडेल्फियाच्या डॉक्टर चार्ल्स मेग्जने, डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्सने 1843 साली संसर्गाचे पुरावे मांडल्यानंतरही, असे मृत्यू योगायोगाच्या किंवा ईश्वरी इच्छेच्या खाती टाकणे पसंत केले. आपल्याकडे सटवाई कपाळावर लिहून जाते, एवढे म्हटले की घरचे सुटतात. मेग्जची ईश्वरी इच्छा हेच काम करीत होती. दैवावर श्रद्धा असणे हा दोष नव्हे. पुरावा समोर आल्यावर दैवाआड हात लपवणे हा दोष आहे. अज्ञान क्षम्य असते, ते जपणे क्षम्य नसते.

तिसरा आक्षेप आजचा आहे: निर्जंतुकता हे नवे सोवळेच नव्हे का? ही शंका धुडकावून लावण्याजोगी नाही. सिझेरियनमध्ये पोटाची भिंत आणि गर्भाशय दोन्ही छेदले जातात. नैसर्गिक प्रसूतीच्या तुलनेत संसर्गाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. पाणमोट फुटून बराच वेळ गेला असेल, आतून तपासण्या वारंवार झाल्या असतील, तर तो आणखी चढतो. म्हणून प्रतिजैविक चीर देण्याआधी द्यावे, असे आजचे शास्त्र सांगते: चीर पडते तेव्हा औषध रक्तात आणि ऊतींत पोचलेले हवे. इथेही कळीचा शब्द ‘आधी’ हाच. तरी काही ठिकाणी सरळ पार पडलेल्या शस्त्रक्रियेनंतरही गोळ्या-इंजेक्शनांचा मारा कित्येक दिवस चालतो. त्यातून आईचे संरक्षण वाढत नाही, वाढते ती औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची पैदास. हातमोजे घातले की आपण सुरक्षित, असे समजून त्याच मोज्यांनी पुढच्या खाटेकडे वळणाराही जुने सोवळेच पाळत असतो. म्हणजे आक्षेप अर्धा खरा आहे: आधुनिक साधनांनाही कर्मकांडाची कळा येते. पण ती ओळखता येते, कारण या शुद्धतेला मोजमापाची परीक्षा आहे. सेमेलवाइसने आधी प्रेतातल्या कणांनाच दोषी मानले. 1847 च्या शरद ऋतूत एका जिवंत रुग्णाच्या स्रावातूनही ज्वर पसरताना दिसला, तेव्हा त्याने आपला नियम वाढवून दोन रुग्णांच्या मध्येही हात धुवायला लावले. विटाळाने अशी दुरुस्ती कधी मागितली नाही, कारण बाळंतीण जगली की मेली यावर त्याचे यशापयश ठरतच नव्हते.

मग धर्माने या प्रश्नातून बाजूला व्हावे का? मला तसे वाटत नाही. देहाला विटाळ मानणाऱ्यांना संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच आपल्या अभंगातून जाब विचारला होता. वारकरी परंपरेतली एक कथा याहून पुढे जाते: पती चोखोबा घरी नसताना सोयराबाईंचे दिवस भरले, आणि विठ्ठल नणंद निर्मळेच्या रूपात येऊन त्यांचे बाळंतपण करून गेला. ही कथा इतिहास म्हणून नव्हे, मूल्य म्हणून वाचावी. ज्या कामाने माणूस बाटतो असे समाज मानत होता, ते देवाने आपल्या हातांनी केले, असे त्या भक्तांना सांगायचे होते. पावित्र्य स्वतःला अलिप्त ठेवण्यात नाही, असा त्याचा अर्थ होतो. तो मान्य केला तर प्रसूतिगृहाच्या दारातले हात धुणे ही निव्वळ तांत्रिक खबरदारी राहत नाही. दुसऱ्याच्या देहाला आपल्यापासूनही जपावे लागते, हे तत्त्व त्यात रोजच्या रोज आचरले जाते. जो धर्म हे शिकवील त्याचे विज्ञानाशी भांडण होण्याचे कारण नाही. आणि जो बाळंतिणीपासून जगाला वाचवत बसेल, त्याला तिच्या मृत्यूचा हिशेब दैवाच्या नावे लिहिण्याचा अधिकार नाही.