पालकांची नजर आणि मुलाचा खासगीपणा

मुलाला ऑनलाइन छळापासून वाचवायचे तर त्याच्या फोनवर कितपत नजर ठेवावी, हा प्रश्न तंत्राचा कमी आणि नीतीचा अधिक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम १६ मुलाचा खासगीपणा मान्य करते, तर कलम १९ त्याला हिंसा आणि शोषणापासून संरक्षण देते. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. दोन्ही हक्क एकाच मुलाचे आहेत. एकासाठी दुसरा पुरता मोडीत काढता येत नाही.

शोषण करणारा बहुधा घाई करत नाही. गेम खेळता खेळता तो कौतुक करतो, गेममधली नाणी भेट देतो, मग गप्पा दुसऱ्या ॲपवर नेतो. ‘घरी सांगू नकोस’ हे वाक्य येईपर्यंत मूल सापळ्यात अडकलेले असते. पुढे एक फोटो, आणि त्या फोटोवरून धमकी. शोषण करणाऱ्याची सारी मदार मुलाच्या भीतीवर असते: घरी कळले तर ओरडा बसेल, फोन जाईल. चोरून चॅट वाचणारे पालक नेमकी हीच भीती वाढवतात. लहान वयात देखरेख हवीच, पण उघड, मुलाला सांगून. वय वाढेल तशी ती सैल व्हावी.

दोष कुणाचा, याबद्दल मात्र शंका नको. फोटो मुलाने स्वतः पाठवला, तरी अपराध तो मागणाऱ्याचाच. मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात १८ वर्षांखालील मुलाची संमती ग्राह्य नाही, आणि याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा कळलेल्या कोणीही, अर्थात शिक्षकानेही, पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेचे नाव जपण्यासाठी प्रकरण दाबणे हा त्या मुलावर दुसरा अन्याय होय. चॅट पुसून टाकू नयेत; तोच पुरावा असतो. मुलांसाठीच्या १०९८ या मदतक्रमांकावर मदत मागता येते.