साडेपाच हजार फुटांवर

या मननासाठी डोळे मिटू नका. उघडेच राहू द्या आणि नजर लांबच्या एखाद्या गोष्टीवर टेकवा. डोंगराची कड असेल, समोरच्या इमारतीची गच्ची असेल, काहीच नसेल तर खिडकीची चौकट चालेल. एकट्याने आकाशातून उडी घ्यायला शिकणाऱ्याला अगदी आधी हेच सांगतात: बघत राहा.

आता मनाने स्पेनच्या ईशान्य किनाऱ्यावर जाऊ. कातालोनियातलं एंपुरियाब्रावा गाव. गल्ल्यांच्या जागी कालवे, घराघरापुढे बांधलेल्या होड्या, पूर्वेला रोसेसचा उपसागर, उत्तरेला पिरेनीजच्या रांगा. गावाला लागूनच धावपट्टी आहे आणि कुठून कुठून माणसं इथे उडी शिकायला येतात. आज मात्र उत्तरेकडून त्रामुन्ताना सुटलाय. इथल्या या वाऱ्यापुढे कुणाचं चालत नाही, नवख्यांचं तर मुळीच नाही. तेव्हा हँगरमध्ये बसा. घाई करू नका. शिकण्याचा मोठा भाग जमिनीवरच होतो, आणि मला तो उडीइतकाच मोलाचा वाटतो.

छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये लटकून एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायची असते. छातीच्या उजवीकडे लाल मूठ आहे. मुख्य पॅराशूट बिघडलं, तर ते अंगापासून सोडवण्यासाठी. डावीकडची मूठ राखीव पॅराशूटची. आत्ता बसल्या जागी करून पाहा. आधी नजर उजवीकडे, मग हात. धरा. ओढा. मग डावीकडे. पुन्हा एकदा, सावकाश. खांद्यांवर एकात एक ओवलेल्या तीन-तीन कड्या असतात. बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात काढलेली ही रचना माणसाचा सगळा भार पेलते आणि लाल मुठीच्या एका ओढीने सुटते. पाठीवर आणखी एक छोटं यंत्र असतं, सायप्रेस. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी ते १९९१ मध्ये आणलं. ठरावीक उंचीखाली आल्यावरही माणूस वेगाने पडतच असेल, तर राखीव पॅराशूट ते स्वतःच उघडतं. त्या माणसांचे मनात आभार माना. आणि मग ते यंत्र पाठीवर नाहीच, असं धरून सराव करा.

वारा पडला. विमान १३,००० फुटांवर आलं. दार उघडलंय, थंडगार हवा आत येतेय. तुमच्या दोन्ही बाजूंना दोन प्रशिक्षक आहेत आणि त्यांनी तुम्हाला धरून ठेवलंय. पूर्वी नवख्याला बऱ्याच कमी उंचीवरून सोडत. विमानाला बांधलेली दोरी ताणली की पॅराशूट आपोआप उघडे. प्रशिक्षकांनी सोबत पडत शिकवायचं ही पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुजली. पाठीवरचं पॅराशूट मात्र तुमचं एकट्याचं, आणि ते उघडायचं तुमच्याच हाताने.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली, तेव्हा ती त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी होती. त्या विक्रमाकडे मी नेहमी या बाजूने पाहतो: दाराशी उभं राहण्यासाठी जमिनीवर मन लावून केलेली तयारी पुरते.

आतल्या प्रशिक्षकाकडे पाहा. तो मान हलवतो. बाहेरच्याकडे पाहा. तोही हलवतो. या दोन होकारांपाशी क्षणभर थांबा.

आता श्वास सोडा. पूर्ण सोडा. कंबर पुढे, हनुवटी वर, आणि निघा.

पोटात खड्डा पडेल असं वाटलं होतं. तो बहुधा पडत नाही. विमान आधीच वेगात होतं, त्यामुळे बाहेर येताच वारा अंगाला भिडतो. दहा-बारा सेकंदांत वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास येऊन ठरतो, आणि आपण वाऱ्यावर पालथे निजलोय असं वाटू लागतं. कंबर सगळ्यांत खाली, हातपाय वर, बॅडमिंटनच्या फुलासारखं. ताठरलेलं अंग डुचमळतं. सैल सोडलं की स्थिरावतं. खांदे आत्ताच सैल करून पाहा. जबडाही.

आता नजरेची फेरी. क्षितिज. मनगटावरचा अल्टिमीटर. एक प्रशिक्षक, मग दुसरा. परत क्षितिज. दर पाच-साडेपाच सेकंदांना हजार फूट सरतात. भीती गेलेली नसते. ती घालवायचीही नसते. तिच्यासकट आकडा नीट वाचता आला, की झालं. साधारण ५,५०० फुटांवर हात मागे जातो, डोक्यावर निळं-लाल कापड ताणलं जातं आणि एकदम शांतता होते. कापड चौकोनी आहे का, स्थिर आहे का, ओढल्यावर वळतं का, हे पाहायचं. मग १,००० फुटांपासून टप्प्याटप्प्याने उतरणीच्या वाटेला लागायचं, आणि जमीन दहा-बारा फुटांवर आली की पॅराशूट वळवायच्या दोन्ही मुठी खाली ओढायच्या. पाय जुळलेले.

पण मला तुम्हाला न्यायचंय ते पुढच्या, बहुतेक ठिकाणी तिसऱ्या उडीकडे. त्या उडीत, फेरी नीट चालली आहे असं दिसलं, की प्रशिक्षक हात सोडतात. पहिला सोडतो, आणि अर्धी पकड गेलेली कळते. मग दुसरा. कुणी सांगत नाही. त्या आवाजात ऐकूही येणार नाही. दंडावरचा दाब तेवढा नाहीसा होतो. इथे थांबा. आधार निघाल्यावर शरीर काहीतरी करायला धावतं: मुठी वळतात, गुडघे आवळतात. काही करू नका. कंबर पुढे. श्वास बाहेर. ते दोघे हातभर अंतरावर, तुमच्याइतक्याच वेगाने पडताहेत, हसताहेत. उपसागर तिरपा दिसतोय, कालव्यांवर ऊन आहे. बघा, पण तिथे रमू नका.

मनगट. ७,०००. क्षितिज. मनगट. ६,०००. दोन्ही हात डोक्यावर हलवा, वरच्यांना इशारा. उजवा हात पाठीच्या पिशवीच्या तळाशी न्या. मूठ सापडली. ओढा आणि वाऱ्यावर सोडून द्या.