वाटचुक्या

भाऊंनी 26 वर्षं डिचोली–म्हापसा मार्गावर खासगी बस चालवली आणि त्या 26 वर्षांत ते एकदाच वाट चुकले. शुक्रवार होता, म्हापशाचा बाजाराचा दिवस. गर्दी फार म्हणून पोलिसाने रस्ता वळवला होता, आणि भाऊ कंडक्टरशी बोलता बोलता स्टँडकडे न जाता पर्वरीच्या रस्त्याला लागले. मिरच्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या बाईने आरडाओरडा केला, पोरं हसली, बस कशीबशी वळवली. जेमतेम दहा मिनिटं उशीर झाला. पण कंडक्टरने त्याच दिवशी भाऊंचं नाव ‘वाटचुक्या’ ठेवलं आणि ते दोन वर्षं टिकलं. चहाच्या टपरीवर, देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत लोक त्यांना याच नावाने हाक मारायचे.

बसच्या ड्रायव्हरला वाट चुकायची मुभा नसते. ट्रकवाला चुकला तर मालाला काही कळत नाही. बसमध्ये मात्र पन्नास तोंडं मागे बसलेली असतात.

पुढे भाऊ स्विंडनला गेले. इंग्लंडच्या नैर्ऋत्येचं हे मध्यम शहर गोव्यातल्या कितीतरी घरांना आता मडगावइतकंच जवळचं झालं आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. त्या पासपोर्टवर माणसं निघाली आणि ब्रेक्झिटचं दार लागायच्या आत स्विंडनला पोहोचली. भाऊंचा धाकटा भाऊ आधी गेला, मग भाऊ. एका गोदामात रात्रपाळी मिळाली. गोदामात सायकलने जायचं, सायकलनेच यायचं. भारतातलं लायसन तिथे एक वर्ष चालतं. ते वर्ष भाऊंनी सायकलवरच घालवलं. ड्रायव्हरची सायकल बघून ओळखीचे लोक हसायचे, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. हिवाळ्यात पहाटे चारला सायकलचं हँडल बर्फासारखं लागू लागलं तेव्हा मात्र वाटू लागलं.

वर्ष उलटलं म्हणजे सगळं पहिल्यापासून. शिकाऊ लायसन, गाडीला लाल अक्षरातला ‘एल’, लेखी परीक्षेत 50 पैकी 43 बरोबर. लेखी परीक्षा भाऊ तिसऱ्या खेपेला पास झाले, कारण प्रश्न इंग्रजीत आणि भाऊंचं इंग्रजी गोदामापुरतं. पुतणीने रोज संध्याकाळी समोर बसवून नियमांचं पुस्तक पाठ करून घेतलं. सर्कलचं पान आलं की ती दोनदा वाचायला लावायची. तिकडे त्याला राउंडअबाउट म्हणतात, भाऊंच्या तोंडी मात्र सर्कलच. आत आधीपासून फिरणाऱ्याला, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला, आधी जाऊ द्यायचं. डावीकडे वळायचं तर डावी लेन. उजवीकडे जायचं किंवा पूर्ण वळसा मारायचा तर उजवी लेन. सरळ जायचं तर बहुधा डावी. आणि शेवटी एक वाक्य: रस्त्यावरच्या खुणा वेगळं सांगत नसतील तर.

सगळा घोळ या शेवटच्या वाक्यात आहे. ज्याने कधी अनोळखी गावात गाडी चालवली आहे त्याला ते वेगळं सांगायला नको.

प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी भाऊ निर्धास्त होते. ज्याने म्हापशाच्या बाजारातून पन्नास माणसं भरलेली बस काढली, त्याला या रुंद, गुळगुळीत रस्त्यांचं काय? पहिली वीस मिनिटं छान गेली. परीक्षक गुडघ्यावर टॅबलेट घेऊन शेजारी बसला होता, अधूनमधून एखादी खूण करत होता. मग एक मोठं सर्कल आलं. समोरच्या नॅव्हिगेशनमधली बाई सरळ जायला सांगत होती. भाऊ पुस्तकात होतं तसे डाव्या लेनमध्ये उभे राहिले. पुढे एक उंच पांढरी व्हॅन. व्हॅन हलली आणि तिच्या पोटाखालून रस्त्यावरचा बाण बाहेर आला. अर्धा टायरांनी पुसलेला, पण डावीकडे वळलेला, फक्त डावीकडे. सरळ जाणाऱ्यांनी उजवी लेन धरायची होती.

पुढचं सगळं भाऊंच्या हाताने केलं, डोक्याला विचारलंच नाही. डाव्या हाताने स्टिअरिंग फिरवलं, उजव्या हाताने काच खाली केली, हात बाहेर काढला, पंजा हलवला आणि गाडीचं नाक उजव्या लेनमध्ये घातलं. म्हापशात यात गुन्हा काही नाही. मागचा एक हॉर्न मारतो, एक शिवी देतो, जागा करून देतो. इथे शेजारच्या लेनमध्ये एक निळी गाडी बरोबर वेगात येत होती. परीक्षकाने स्वतःच्या पायाखालचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. भाऊंचा हात तसाच बाहेर होता.

किरकोळ चुका दोनच निघाल्या. पंधरापर्यंत चालतात. पण गंभीर चूक एक जरी झाली की सगळं संपतं. बासष्ट पौंड गेले, आणि पुढची तारीख मिळाली चार महिन्यांनंतरची.

“मी बरोबर रस्त्याला लागलो असतो,” घरी आल्यावर भाऊ म्हणाले. “त्या माणसाने ब्रेक मारला नसता तर.”

पुतणी भाताचा कुकर लावत होती. ती स्वतः दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाली होती, त्यामुळे तिचं बोलणं मऊ होतं. “काका, तुला डावीकडे जायला काय झालं होतं?”

“डावीकडे कशाला? सरळ जायचं होतं ना!”

“चुकलास तर चुकलास. त्याचे मार्क जात नाहीत. तू कुठे पोहोचलास ते ते बघत नाहीत. कसा गेलास ते बघतात.”

भाऊंना वाटलं, पोरगी समजूत काढते आहे. वाट चुकण्याचे मार्क जात नाहीत अशी परीक्षा जगात कुठे असते?

शनिवारी सकाळी तिने फ्लास्कमध्ये चहा भरला आणि त्यांना पायी घेऊन निघाली. फुटबॉलच्या काउंटी ग्राउंडजवळ ज्या सर्कलला सगळं शहर मॅजिक राउंडअबाउट म्हणतं, तिथे. 1972 साली फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या अभियंत्याने ते आखलं. पाच रस्ते येऊन मिळतात, प्रत्येक तोंडाशी एक छोटं सर्कल, आणि ती पाचही मधल्या एका सर्कलभोवती मांडलेली. छोट्या सर्कलांभोवती गाड्या घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात आणि मधल्याभोवती उलट्या. वरून काढलेला फोटो पाहिला की बाहेरगावच्या माणसाला घाम फुटतो.

दोघं फुटपाथवर उभी राहिली. भाऊंनी पहिला अर्धा तास नुसतं डोकं हलवलं. मग त्यांना थोडं थोडं दिसू लागलं. त्यांच्यासमोर रस्त्यावर एक छोटं सर्कल होतं, पांढऱ्या रंगाचा चपटा गोल, भाकरी थापून ठेवावी तसा. त्याच्यावरही टायरांचे काळे फराटे होते, म्हणजे तिथेही लोक घसरत होते. गाडी यायची, तुटक रेघेपाशी थांबायची. ड्रायव्हर फक्त उजवीकडे बघायचा. कोणी नसलं की निघायचा, पुढच्या तुटक रेघेपाशी पुन्हा तेच. एवढं मोठं जाळं होतं, पण ते अख्खं डोळ्यांत घ्यायला कोणी थांबत नव्हतं. जो तो आपल्या पुढची एक रेघ सांभाळत होता.

“आमच्या सप्तकोटेश्वराची प्रदक्षिणा आठवली,” भाऊ अचानक म्हणाले.

भाऊंचं घर नार्व्याचं. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेलं देऊळ त्यांच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर. महादेवाची प्रदक्षिणा पूर्ण घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नाही. तिथपर्यंत जायचं, मागे फिरायचं आणि उलट्या बाजूने दुसऱ्या काठापर्यंत यायचं. लहानपणी आईने हात धरून शिकवलेलं. परत फिरणारा वाट चुकला असं तिथे कोणी म्हणत नाही.

पुतणीला महादेवापेक्षा लाल हॅचबॅकमध्ये जास्त रस होता. “ती बघ. चुकलीय.”

लाल गाडी खरोखरच चुकली होती. ड्रायव्हर बाई मानेला हिसके देत इकडेतिकडे बघत होती, इंडिकेटर आधी उजवा लागला, मग बंद झाला. तिला ज्या रस्त्याला लागायचं होतं तो मागे गेला होता. भाऊंनी श्वास रोखला. आता ही घुसणार. ती घुसली नाही. डावा इंडिकेटर लावून पुढच्या रस्त्याने सरळ निघून गेली. भाऊ तिच्या मागे बघत राहिले. चहा संपेपर्यंत तीच लाल गाडी त्याच रस्त्याने परत आली, रेघेपाशी थांबली, फिरली आणि हव्या त्या रस्त्याला लागली.

तिला कोणी हॉर्न मारला नाही. तिच्याकडे कोणी बघितलंही नाही. भाऊंनी मात्र खिशातून पेन काढलं आणि फ्लास्कच्या झाकणावर एक रेघ ओढली. दीड तासात त्या झाकणावर अकरा रेघा झाल्या. अकरा माणसं चुकून निघून गेली आणि परत आली. त्यात एक ब्रेड पोहोचवणारी व्हॅन होती आणि एक ड्रायव्हिंग स्कूलची गाडीसुद्धा, जिच्यात शिकवणारा स्वतः स्टिअरिंगवर होता.

“दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत गो,” भाऊ म्हणाले.

त्यानंतरचे चार महिने भावाच्या गाडीत पुतणीला शेजारी बसवून सराव झाला. ती मुद्दाम आयत्या वेळी रस्ता सांगायची. भाऊंचा उजवा हात दर वेळी काचेच्या बटणाकडे जायचा. चाळीस-पन्नास वेळा ती म्हणाली असेल, “हात!” सवय जात नव्हती, ती फक्त एक क्षणभर उशिरा येऊ लागली. तेवढ्याने काम झालं, असं मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं.

दुसऱ्या परीक्षेची वेळ सकाळी 10 वाजून 14 मिनिटांची. या वेळी परीक्षक बाई होत्या. आणि नशिबाची गंमत पहा, नॅव्हिगेशनने त्यांना आणलं त्याच सर्कलवर. भाऊंनी लांबून पाटी वाचली, उजवी लेन धरायची हे त्यांना आता तोंडपाठ होतं. पण उजव्या लेनमध्ये रस्त्याचं काम. शंकूंची रांग लावलेली, सगळी वाहतूक डावीत ढकललेली, आणि शंकू संपतात तिथे उजवी लेन पुन्हा सुरू होताच मागच्या ट्रकने ती भरून टाकली. आरशात ट्रकच्या जाळीशिवाय काही दिसेना. पुढे बाण: डावीकडे.

उजवा हात बटणावर गेला. बोट बटणाला लागलं. तिथेच थांबलं.

भाऊंनी हात परत स्टिअरिंगवर ठेवला, डावा इंडिकेटर दिला आणि डावीकडे वळले. नॅव्हिगेशनमधली बाई गप्प झाली. एक अनोळखी रस्ता, दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड, एक बंद पेट्रोल पंप. भाऊंच्या कानशिलांतून घाम निघाला. पन्नास तोंडं मागे बसली आहेत असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं, मिरच्यांच्या टोपलीसकट.

“सॉरी. चुकीचा रस्ता,” ते म्हणाले.

“काही हरकत नाही,” परीक्षक बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. “पुढच्या सर्कलवरून वळून या.”

पुढच्या सर्कलला भाऊ उजव्या लेनने आत गेले, सगळे रस्ते एकामागून एक मागे टाकले, पूर्ण वळसा घालून परत आले. किरकोळ चुका सहा. पास.

घरी येऊन त्यांनी नार्व्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. आई ओट्यावर बसली होती, शेजारी कोणीतरी पाठमोरं बसून सुपारी कातरत होतं.

“झाला रे पास?”

“झालो.”

“मग एवढा उशीर? मी अडीचपासून फोन हातात घेऊन बसले आहे.”

“वाट चुकलो, आई.”

“तू?” आईचा फोन हलला. मग ती मान वळवून मोठ्याने म्हणाली, “आयकलें? आमचो भाऊ वाट चुकलो म्हणटा!”

अडकित्ता थांबला. पाठमोऱ्या माणसाने वळून फोन आपल्या हातात घेतला, पडद्यावर पांढऱ्या मिशा आल्या. 26 वर्षं मागच्या दारात उभं राहून “वच, वच” ओरडणारा कंडक्टर. त्याने चष्मा कपाळावर चढवला, भाऊंकडे नीट बघितलं, आणि ओट्यावरून अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात हाक मारली,

“वाटचुक्या!”

“ओ,” भाऊ म्हणाले.