हात दाखवून अवलक्षण

आर्थिक वर्ष संपत आलं की बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या आयटीवाल्यांना तब्येतीची आठवण होते. जुन्या करपद्धतीत तपासण्यांवर 5,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, काहींना कंपनीच तपासण्यांचं पॅकेज देते. सकाळी उपाशीपोटी दंड पुढे करायचा, संध्याकाळी फोनवर पीडीएफ. ती उघडली की नजर थेट ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. मग रात्री पुण्याला ताईला फोन, तिच्या ओळखीतल्या डॉक्टरांना रिपोर्ट फॉरवर्ड.

यात गंमत अशी, की बहुतेक चाचण्यांत ‘नॉर्मल’ म्हणजे निरोगी माणसांपैकी मधल्या 95 टक्क्यांचे आकडे. उरलेले 5 टक्के धडधाकट असूनही हद्दीबाहेर धरले जातात. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही किमान एक आकडा ठळक येण्याची शक्यता 64 टक्के! पॅकेज जितकं भरगच्च, तितकी ही शक्यता जास्त. पुढे सोनोग्राफी, तिच्यात दिसलेली बारकीशी गाठ, मग सुई घालून तपासणी. पॅकेजच्या किमतीत यातलं काहीच धरलेलं नसतं.

दक्षिण कोरियाने हे देशपातळीवर भोगलं. कर्करोग-तपासणीला जोडून थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफी सुरू झाली आणि 2011 पर्यंत थायरॉइड कर्करोगाचं निदान 1993 च्या पंधरापट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले. ज्या गाठींनी जन्मभर त्रास दिला नसता, त्यांच्यापायी हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि रोजची गोळी मागे लागली.

म्हणून तपासण्याच नकोत, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी उस्मानाबादचं, आताच्या धाराशिवचं, उदाहरण देतो. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तिथल्या खेड्यांत 1999 पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास केला. एका गटाची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही चाचणी झाली, आयुष्यात एकदाच. निष्कर्ष 2009 मध्ये छापून आले: त्या गटातल्या 34,126 जणींपैकी या कर्करोगाने 34 गेल्या. तपासणी न झालेल्या गटात 31,488 पैकी 64.

हिशेब मांडला तर हजार जणी तपासल्यावर साधारण एक मृत्यू टळला. त्यासाठी दहातल्या एकीची चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे शंभरेक बायकांच्या पोटात गोळा आला आणि पुढच्या तपासणीची यातायात त्यांच्या वाट्याला आली. मला हा सौदा मान्य आहे, कारण दुसऱ्या पारड्यात खरोखर एक जीव आहे. पॅकेजमधल्या कित्येक चाचण्यांच्या बाबतीत त्या पारड्यात काय आहे, हे कोणी सांगतच नाही. (तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल पुढे नैतिक वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.)

आमच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या कितीतरी जणी कलबुर्गी, रायचूरकडच्या. कलबुर्गीची हद्द तर धाराशिवलाच लागून आहे. ज्या वयाच्या बायकांवर तो अभ्यास झाला, त्याच वयाच्या या बायका. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत जेमतेम दोघींची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी झालेली आहे. वरच्या मजल्यावर दरवर्षी व्हिटॅमिन मोजली जातात आणि त्याच घरात फरशी पुसणारीला, जिचा पुरावा आपल्याच मुलखात तयार झाला ती एक चाचणीही मिळत नाही.

माझं ऐकाल तर पॅकेजमधून रक्तदाब, साखर अशी मोजकी कलमं ठेवावीत आणि वाचलेल्या पैशांत सोसायटीने या बायकांची एचपीव्ही चाचणी करावी. मात्र पगार न कापता अर्धा दिवस सुट्टी द्यावी लागेल. आणि पॉझिटिव्ह आलेलीला कुठे न्यायचं, खर्च कोणी करायचा, हे पहिला नमुना घेण्याआधी ठरवावं लागेल. उस्मानाबादच्या बायकांच्या मागे बार्शीचं रुग्णालय उभं होतं.